यंत्राच्या बुद्धीचे वीजबिल

(चिपळूण येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरात कोरडवाहू भागातून आलेल्या शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचनासाठी.)



जत, आटपाडी, सांगोल्याची माणसे इथे बसली आहेत, तशीच यवतमाळ-वर्ध्याची आणि बीड-परभणीचीही बसली आहेत. कुणाच्या रानात पऱ्हाटी, कुणाच्या रानात शाळू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चिपळूण पहिल्यांदाच पाहिले. पाऊस जाऊन महिने झाले तरी वाशिष्ठी दोन्ही काठांत वाहते आहे, हे पाहून सकाळपासून पाचसहा जणांनी आम्हाला विचारले, हे पाणी येते कुठून?

जतच्या मंडळींनी ऐकून घ्यावे. हे पाणी तुमच्या खोऱ्यातले आहे. कोयना ही पूर्वेला वाहणारी नदी. कराडला ती कृष्णेला मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागराकडे जाते. तिच्यावर धरण बांधले, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले आणि पाणी पश्चिमेला वळवून पोफळीच्या बाजूला साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली सोडले. कोळकेवाडीला ते पुन्हा अडवले, पुन्हा एकदा जनित्रांवर सोडले आणि मग वाशिष्ठीत सोडून दिले. इथले लोक त्याला अवजल म्हणतात. वीज काढून उरलेले पाणी ते अवजल. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, या कामासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिली. त्यातले थोडे वाटेत वापरले जाते, बाकीचे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते.

आता शिबिराचा विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि आम्ही कोयनेचे पुराण का लावले? कारण या नव्या यंत्राबद्दल जे बोलले जाते ते सगळे हवेत बोलले जाते. नावच बघा ना, त्याला 'क्लाउड' म्हणतात. ढग! आपल्याला ढगाचा अनुभव आहे, तो दाटून येतो आणि न पडता निघून जातो. पण हा ढग आभाळात नाही. तो ऐरोलीला आहे, महापेला आहे, रबाळ्याला आहे, पनवेलजवळ आहे. सिमेंटच्या, खिडक्या नसलेल्या इमारती आहेत. आत कपाटांच्या रांगा आणि त्या कपाटांत रात्रंदिवस चालणारे संगणक. तुम्ही मोबाईलवर विचारता, कपाशीवर लाल्या पडलाय, काय करू, तेव्हा उत्तर या इमारतीतून नाहीतर परदेशातल्या अशाच एखाद्या इमारतीतून येते. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. ती वीज खाते, त्या विजेची उष्णता होते, ती उष्णता बाहेर काढायला आणखी वीज लागते किंवा पाणी लागते. एवढीच गोष्ट आहे. पिठाच्या गिरणीचा पट्टा जसा तापतो तसे हे तापते. तापलेली गिरणी थांबवता येते, हे थांबवता येत नाही.

म्हणून आम्ही कोयना घेतली. विजेचे हिशेब युनिटात सांगितले की डोक्यावरून जातात. तुमच्या डोळ्यांसमोर वाहणाऱ्या पाण्यात ते मोजून बघू.

आधी एक भूत उतरवून टाकतो. वर्तमानपत्रांत येते की एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी संपते. आम्ही कृषीचे पदवीधर, पाण्याचा हिशेब हाच आमचा अभ्यास. हे जसेच्या तसे खरे मानू नका. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले. त्यांच्या यंत्राला लिहून विचारलेल्या एका सर्वसाधारण प्रश्नाला पाव वॅट-तासाच्या आत, ०.२४ वॅट-तास वीज आणि पाण्याचे पाच थेंब लागतात. आकडा कंपनीने स्वतःच मोजलेला आहे, त्यात यंत्राला शिकवण्याचा खर्च धरलेला नाही, चित्रे आणि सिनेमे बनवण्याचा धरलेला नाही. तरीही तो दहापट वाढवला तरी तुमच्या पाच एचपीच्या मोटारीने एका तासात जेवढी वीज खाल्ली तेवढ्यात दीड हजार प्रश्न विचारून होतील. म्हणजे बोंडअळीचा सल्ला विचारणाऱ्या शेतकऱ्याने मनात अपराधी वाटून घेण्याचे काही कारण नाही.

पाण्याचेही तसेच. गूगलच्या जगभरातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी मिळून २०२३ साली थंडाव्यासाठी सुमारे २३०० कोटी लिटर पाणी संपवले. आकडा ऐकून छाती दडपते. पण टीएमसीत करा. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरच्या थोडे वर. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीचे वर्षाचे सगळे पाणी एक टीएमसीसुद्धा भरत नाही. पाटाने भिजणाऱ्या उसाच्या मापाने मोजले तर हजारभर हेक्टर, अडीच हजार एकर ऊस. आपल्याकडचा एखादा बरा साखर कारखाना याच्या कितीतरी पट ऊस गाळतो. उसाच्या पाण्याबद्दल तोंड न उघडणारे जेव्हा संगणकाच्या पाण्याबद्दल गळा काढतात तेव्हा आम्हाला हसू येते.

मग काय, प्रश्नच नाही? प्रश्न आहे, पण दोन ठिकाणी आहे. पाणी एकूण किती लागते याला फार महत्त्व नाही, ते कुठले आणि कधीचे याला आहे. एक टीएमसी पाणी चिपळूणला काहीच नाही. तेच पाणी एप्रिल महिन्यात जतला मागा! उरुग्वे देशात २०२३ साली असा दुष्काळ पडला की राजधानी मोंटेव्हिडिओच्या नळांना खारे पाणी आले. त्याच वेळी तिथे गूगलच्या डेटा सेंटरचा प्रस्ताव पुढे होता. लोक रस्त्यावर आले. जगाच्या सरासरीत तो प्रकल्प नगण्य होता, पण त्या गावाच्या हंड्यात नगण्य नव्हता.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि खरा प्रश्न तोच आहे. त्याच्यावर जास्त बोलायचे आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये अहवाल काढला. जगातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी २०२४ साली मिळून सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. त्यात बँका, मोबाईल, सिनेमे, सगळेच आले, नुसती एआय नव्हे. पण २०३० पर्यंत हा वापर दुपटीच्या वर, ९४,५०० कोटी युनिटांपर्यंत जाईल असा अंदाज आहे आणि या वाढीचे सर्वांत मोठे कारण एआय आहे, असे त्याच अहवालात म्हटले आहे. दीड टक्का थोडा वाटतो. पण ही केंद्रे सारखी पसरलेली नसतात, गठ्ठ्याने एका जागी येतात. आयर्लंड देशात २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांनी खाल्ली. तिथल्या शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून वापरली त्याहून जास्त. डब्लिनच्या आसपास नव्या जोडण्या देताना वीजमंडळाला हात आखडता घ्यावा लागला.

आपल्याकडे हा गठ्ठा मुंबई आणि नवी मुंबईत पडतो आहे. देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा जमाव तिथेच आहे. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईला लागतात, शेअरबाजार आणि बँका तिथे आहेत. अमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. यायला आमची हरकत नाही. कारखाना आला तर पोरांना काम मिळते, असे म्हणतात. या कारखान्यात माणसे किती लागतात ते मात्र विचारा. संगणकांच्या कपाटांना पहारेकरी आणि मेकॅनिक लागतात, बाकी कुणी नाही. सूतगिरणी जितक्या माणसांना पोसते तितक्यांना ही इमारत पोसत नाही.

आता हिशेब घालू. शंभर मेगावॅटचे एक डेटा सेंटर घ्या. आज हा आकडा मोठा राहिलेला नाही. गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला जे जाहीर केले ते एक हजार मेगावॅटचे आहे. आमचे शंभराचे. ते कायम पूर्ण भाराने चालत नाही, दोन तृतीयांश धरा. वर्षाला होतात ५८ कोटी युनिट. दिवसाला १६ लाख. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की ३० युनिट होतात. म्हणजे त्या एका इमारतीच्या विजेवर पन्नास हजारांहून जास्त मोटारी रोज आठ तास चालतील.

आणि कोयनेच्या भाषेत? कोयनेवर एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, वरपासून वाशिष्ठीपर्यंत खाली आले की ढोबळमानाने १.४ युनिट वीज देते. साडेसदुसष्ट टीएमसीची होते सुमारे २६७ कोटी युनिट. कोयना १९६० मेगावॅटची, महाराष्ट्राची भाग्यरेषा, असे आपण शाळेपासून ऐकतो. खरे आहे. पण ती १९६० मेगावॅट फक्त काही तास चालवायची असते, संध्याकाळी सगळीकडे दिवे लागतात तेव्हा. वर्षभराची सरासरी काढली तर कोयना सुमारे ३०० मेगावॅटची आहे. म्हणजे आम्ही धरलेली तसली चार-साडेचार डेटा सेंटरे अख्खी कोयना खाऊन टाकतील. समोर वाहते आहे ती सगळी वाशिष्ठी. हेळवाकच्या वरच्या खोऱ्यात गेलेली गावे, साठ वर्षे झाली तरी पुनर्वसनासाठी मोर्चे काढणारे धरणग्रस्त, १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप सोसलेले कोयनानगर, हे सगळे चार इमारतींच्या बरोबरीला आले. विशाखापट्टणमची एकच इमारत पूर्ण चालली तर तिला दोन कोयनाही पुरणार नाहीत.

जतच्या माणसाने यात आणखी एक गोष्ट बघायची आहे. कृष्णा खोऱ्यातले पाणी इकडे डोंगरावरून खाली टाकून आपण वीज करतो. आणि तिकडे कराडच्या खाली टेंभूला, म्हैसाळला, त्याच कृष्णेचे पाणी वीज जाळून शेकडो मीटर वर चढवतो, का तर आटपाडीला, सांगोल्याला, जतला पोचावे म्हणून. एका हाताने पाणी खाली सोडून वीज, दुसऱ्या हाताने वीज खर्चून पाणी वर. त्या उपशाचे बिल थकले की पंप बंद. बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचे हे सूत्र ठरायला किती मोर्चे लागले हे तुम्ही आम्हाला सांगायचे, आम्ही तुम्हाला नव्हे. हा सगळा खटाटोप विजेच्या दरावर टांगलेला आहे. मुंबईकडे विजेची मागणी वाढली, दर चढला, की पहिला फटका उपसा योजनांना बसतो. डेटा सेंटर विजेला युनिटमागे दोन रुपये जास्त देऊ शकते. ज्वारी देऊ शकत नाही.

आता विदर्भ आणि मराठवाड्याच्या मंडळींकडे वळतो. तुम्ही म्हणाल, कोयना पश्चिम महाराष्ट्राची, आमचा काय संबंध. तुमचा संबंध जास्त आहे. डेटा सेंटर रात्री दोनला जेवढी वीज खाते तेवढीच दुपारी दोनला खाते. सूर्याची वीज दिवसा मिळते. रात्रीची वीज या राज्यात मुख्यतः कोळशाची. कोळसा कुठला? चंद्रपूर, वणी, उमरेड. जळतो कुठे? चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या केंद्रात, कोराडीला, खापरखेड्याला. एक युनिट विजेला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर देशी कोळसा जळतो. त्यात तिसरा हिस्सा राख. जवळजवळ किलोभर कार्बन वायू हवेत जातो. आणि केंद्र थंड ठेवायला तीन लिटरच्या आसपास पाणी जाते. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या नियमाने जुन्या केंद्रांना साडेतीन लिटरपर्यंत मुभा आहे.

आमच्या त्या एका डेटा सेंटरची सगळी वीज कोळशाची धरली तर वर्षाला चार लाख टन कोळसा, सव्वा-दीड लाख टन राख आणि पावणेदोनशे कोटी लिटर पाणी. ही राख नवी मुंबईत पडत नाही. ती चंद्रपूरच्या कपाशीच्या पानावर बसते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळ्याचा राखबंधारा फुटला तेव्हा राखेचा चिखल आजूबाजूच्या शेतांत शिरला. ज्यांच्या रानात तो शिरला त्यांनी एआयचे नावही ऐकले नव्हते. तेव्हा ती राख एआयचीही नव्हती म्हणा, ती आपल्या सगळ्यांच्या दिव्यांची होती. पण उद्याची भर कुणाच्या नावावर लिहायची, हे आजच विचारायला हवे.

इथे एक गंमत आहे ती समजून घ्या. कंपन्या आता सांगतात, आम्ही पाणी वापरत नाही, आमचे सेंटर हवेवर थंड होते. खरे असेल. पण दमट हवेत नुसत्या हवेवर थंड करायचे तर वातानुकूलनाच्या यंत्रांना जास्त वीज लागते. त्या जास्तीच्या विजेला चंद्रपूरला जास्त पाणी लागते. म्हणजे ऐरोलीच्या मीटरवर पाणी शून्य आणि इरई धरणाची पातळी खाली. इमारतीच्या अहवालात ते पाणी दिसतच नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, सोनाराने कान टोचले की दुखत नाही. इथे कान दुसऱ्याचाच टोचला जातो.

आणि पाणी संपले की काय होते ते परळीने पाहिले आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा. अमरावतीकरांना तर सांगायलाच नको. नांदगावपेठच्या वीजप्रकल्पाला अप्पर वर्धा धरणातले पाणी द्यायचे ठरले तेव्हा ज्या शेतीसाठी ते धरण बांधले तिचे काय, म्हणून शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाचा होता आणि शेती तिसरी. आरडाओरडा झाला तेव्हा २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून उच्चाधिकार समितीने आधी वळवलेल्या पाण्यावर शिक्का मारून टाकला. क्रमांक बदलला, गेलेले पाणी परत आले नाही.

आता कोरडवाहूचा खास मुद्दा. बागायतदाराला पाऊस चुकला तर विहीर आहे. आपल्याला पाऊस हीच विहीर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण पडतो तो एकदम. मधे वीस-वीस दिवस उघाड, मग एका रात्रीत ढगफुटी. पऱ्हाटीची पातेगळ होते, तुरीला मर लागतो, शाळूच्या पेरणीला वाफसाच मिळत नाही. याचा दोष एआयच्या माथी मारायचा नाही. तो धूर दोनशे वर्षांचा आहे आणि बहुतेक दुसऱ्या देशांचा आहे. पण गूगलने स्वतःच २०२४ च्या अहवालात कबूल केले की २०१९ ते २०२३ या चार वर्षांत त्यांचे प्रदूषण ४८ टक्क्यांनी वाढले आणि त्यात डेटा सेंटरचा मोठा हात आहे. ज्यांनी २०३० पर्यंत शून्यावर येऊ म्हणून जगाला सांगितले होते त्यांची ही गत. धूर कुणीही करो, त्याची पहिली वसुली कोरडवाहू रानात होते.

मग आम्ही या यंत्राच्या विरोधात आहोत का? नाही. हे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण उद्या कुणीतरी म्हणेल, आधी ट्रॅक्टर नको म्हणाले, मग बियाणे नको म्हणाले, आता हे. तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या हातात यायला हवे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

२०२५ च्या खरिपात एक चांगले काम झाले ते सांगतो. केंद्राच्या कृषी खात्याने एआयने काढलेला मान्सूनच्या आगमनाचा अंदाज तेरा राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवला. पावसाने मधेच वीस दिवस दडी मारली, तीही त्या अंदाजात होती. कोरडवाहू माणसाला याची किंमत कळते. दुबार पेरणी टळली तर एका एकराचे बियाणे आणि मजुरी वाचते, काही घरांचे वर्षच वाचते. आणि ऐका, हवामानाचे हे नवे एआय चालवायला जुन्या महासंगणकांच्या पद्धतीपेक्षा वीज फार कमी लागते. तसेच कपाशीचे. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढला की मोजदाद करून फवारणी कधी करायची ते सांगणारे ॲप वाधवानी संस्थेने बनवले, ते साध्या मोबाईलवर चालते. म्हणजे आपल्या कामाची बुद्धी स्वस्त आहे, थोडक्या विजेत होते. हजार मेगावॅट लागतात ते याला नाही. ते लागतात जाहिराती रंगवायला, खोटी चित्रे आणि सिनेमे करायला, आणि एका कंपनीचे यंत्र दुसरीपेक्षा मोठे आहे हे दाखवायला. शेतकऱ्याचे नाव सांगून सवलती घ्यायच्या आणि वीज दुसरीकडे वापरायची, हा धंदा आपल्याला नवा नाही.

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीसाठी एआयचे धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. बारामतीला उसावर प्रयोग झाला त्याचा जगभर गाजावाजा झाला. उसाचे भले होवो. पण ५०० कोटींतले कापूस-ज्वारीला किती, हे आम्ही विचारणार. ज्वारीला वाली नाही. माळवाडीच्या शाळूला कुठल्या ओलीत कुठली पेर साधते हे यंत्राला शिकवायचे असेल तर त्याला लागणारी माहिती तुमच्या डोक्यात आहे. ती फुकट देऊ नका.

आता इथून हाकेच्या अंतरावरचा एक धडा. गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी, दाभोळचा वीजप्रकल्प आहे. १९९२ साली एन्रॉन कंपनी आली. सांगितले गेले की महाराष्ट्राला विजेची एवढी भूक लागणार आहे की हा प्रकल्प नसेल तर राज्य अंधारात जाईल. १९९३ मध्ये करार झाला. वीज घ्या अगर न घ्या, उभ्या यंत्राचे भाडे मात्र भरा, असा. १९९५ मध्ये रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. वर्षअखेरीला अमेरिकेत ती कंपनीच दिवाळखोर झाली. २००१ च्या माधव गोडबोले समितीने मागणीचे फुगवलेले अंदाज आणि कराराचे ओझे उघडे केले. फुगवलेल्या भुकेचे बिल वीजमंडळाच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या माथी बसले. तेव्हा ढोल वाजवणारे नंतर दिसले नाहीत.

आज भुकेचा अंदाज तसाच मांडला जातो आहे. एवढी हजार मेगावॅट, तेवढी हजार मेगावॅट. त्यासाठी नवी वीजकेंद्रे, नव्या वाहिन्या, नवी उपकेंद्रे. डेटा सेंटर आले तरी त्रास, कारण वीज महागेल. आणि नाही आले, किंवा येऊन यंत्रे सुधारली आणि वीज कमी लागली, तरी त्रास, कारण उभ्या केलेल्या केंद्रांचे भाडे कुणीतरी भरायचे आहे. ते कुणीतरी कोण? २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना वीजशुल्कासह सवलती आहेत. शेतकऱ्याची साडेसात एचपीपर्यंतची वीज २०२४ पासून माफ आहे, तिच्यावरून शहरातली मंडळी आपल्याला रोज टोमणे मारतात. मीटर नसलेल्या शेतीपंपाच्या नावावर वर्षानुवर्षे गळती दाखवली जाते ही आपली तक्रार जुनीच आहे. उद्या तूट आली की म्हणतील, शेतीपंपांमुळे आली. म्हणून प्रत्येकाचा मीटर उघड्यावर असायला हवा, आपलाही आणि त्यांचाही.

जिल्हा बैठकीत पुढचे काम ठरवायचे आहे ते सांगतो. आपल्याला मोर्चा काढायचा नाही, कागद मागायचे आहेत. राज्यातल्या दहा मेगावॅटवरच्या प्रत्येक डेटा सेंटरने महिन्याला किती युनिट वापरले, त्यातली कोळशाची किती, पाणी किती आणि कुठले, हे जाहीर व्हावे. गिरणीवाल्याचे बिल वीजमंडळाला माहीत असते, यांचेही आहे. थंडाव्याला धरणाचे पाणी नको, शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरा. नवी मुंबई महापालिका तसे पाणी उद्योगांना देते, म्हणजे हे अशक्य नाही. नवी वीज लागत असेल तर ती आणणाऱ्याने आणावी, रात्रीचीसुद्धा, आणि मागणीचा अंदाज चुकला तर भाडेही त्यानेच भरावे, असे करारात लिहून घ्यावे. दाभोळसारखे आपल्या बिलात घालू नये. आणि सिंचनाच्या आरक्षणातला थेंबही वीजकेंद्राकडे वळवण्याआधी त्या धरणाच्या लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांपुढे तो कागद यावा.

हे मागायचे कुठे? वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर जनसुनावणी घेतो. तिथे कुणालाही लेखी हरकत घेता येते, वकील लागत नाही. उद्योगांचे प्रतिनिधी फायली घेऊन येतात, शेतकऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. या वेळी प्रत्येक जिल्ह्यातून निदान दोघांनी जायचे आहे. पाण्याचे कागद २००५ च्या माहिती अधिकाराखाली पाटबंधारे मंडळाच्या अधीक्षक अभियंत्याकडे मागायचे. चंद्रपूरकरांनी इरईचे, अमरावतीकरांनी अप्पर वर्ध्याचे, सांगली-सोलापूरवाल्यांनी टेंभू-म्हैसाळच्या वीजबिलाचे, बीडवाल्यांनी परळीचे. गेल्या दहा वर्षांत कुठल्या महिन्यात किती पाणी कुणाला दिले, एवढाच प्रश्न विचारायचा. अर्ज मराठीत, साध्या कागदावर, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील.

आलेली उत्तरे घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. येताना आपल्या डीपीवर या हंगामात थ्री फेज किती तास आणि किती वाजता आली, याची तारीखवार नोंद वहीत करून आणा. ती वही सुनावणीत लागणार आहे.